राबाची माती

आमच्या घरात तीन पिढ्या तांदूळ विकला गेला. पण भाताचं रोप नेमकं कुठे वाढतं, हे मला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही ती जागा स्वतः खणून टाकल्यावर.

युद्ध संपून दुसरा उन्हाळा चालू होता. कर्जतच्या इंग्रजी शाळेत मी इतिहास शिकवत होतो. संध्याकाळी आमच्या दुकानाच्या माळ्यावर, भाताच्या पोत्यांवर बसून, आम्ही सात जण तो इतिहास बदलत होतो. मंडळाचं नाव लांबलचक होतं. त्यात 'समाजवादी', 'अभ्यास' आणि 'युवक' असे तीन शब्द होते आणि त्यांतला शेवटचा तेवढा निर्विवाद खरा होता.

मुंबईहून येणाऱ्या पुस्तिकांतून मी जगातल्या समाजवादी तरुणांच्या चळवळीचा इतिहास वाचून काढला होता आणि दर रविवारी त्यावर बोलत असे. थोडक्यात तो असा. पहिल्या महायुद्धाच्या काही वर्षं आधी युरोपातल्या निरनिराळ्या देशांचे तरुण एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, की राजांनी लढाई पुकारली तरी आपण एकमेकांवर बंदूक उचलायची नाही. पुढे राजांनी लढाई पुकारली. तरुणांनी बंदुका उचलल्या. थोडे नाही म्हणाले, ते तुरुंगात गेले. लढाई संपल्यावर एका संघटनेच्या दोन झाल्या. दोघींचं पटेना म्हणून मधोमध तिसरी उभी राहिली आणि काही दिवसांनी दोघींपैकी एकीत जिरून गेली. मग दुसरं महायुद्ध आलं. हे सगळं मी अत्यंत आशादायक म्हणून शिकवत असे. आम्ही सात जण तीन मतांचे होतो, त्यामुळे जागतिक परिस्थिती आम्हाला चटकन समजे.

त्या उन्हाळ्यात मुंबईच्या कचेरीतून एक जाड लिफाफा आला. युरोपातल्या एका राजधानीत पावसाळ्याच्या सुमाराला जगभरच्या तरुणांचं संमेलन भरणार होतं. हिंदुस्थानातून जी मंडळी जाणार होती, त्यांत एक तरी तरुण प्रत्यक्ष नांगर धरणारा असावा, असा आग्रह होता. सोबत काही छायाचित्रं होती. तिकडच्या एका डोंगराळ देशात तरुण मुलंमुली पगाराशिवाय रेल्वेचा रस्ता बांधत होती. हातात फावडी, डोक्याला रुमाल, आणि सगळे हसत होते. आमच्या अध्यक्षांनी ती छायाचित्रं माळ्यावरच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकली. अध्यक्ष वकिलाचे चिरंजीव होते. खिळे मीच ठोकले. ते कुठे ठोकायचे ते त्यांनी सांगितलं.

सातांत प्रत्यक्ष नांगर धरणारा एकच होता. खालापूरच्या पलीकडे, पाताळगंगेच्या अंगाला, त्याचं गाव. बैलगाडीतून भात घेऊन तो आमच्या दुकानी यायचा आणि माप होईपर्यंत पोत्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचा. सातवी झालेला, माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान. अध्यक्ष बाहेरच्या पाहुण्यांना त्याची ओळख करून द्यायचे तेव्हा, घराण्यातली जुनी तलवार दाखवावी तसं, "आणि हा आमचा शेतकरी" म्हणायचे. तलवार गप्प बसायची.

त्याला निवडलं तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, तिकडं बोलायचं काय?"

"इथे बोलतोस तेच."

"इथं मी कुटं बोलतो? इथं तुमीच बोलता."

सगळे हसले. अध्यक्षांनी ते नोंदवहीत 'प्रतिनिधीने नम्रपणे संमती दिली' असं लिहिलं.

पण त्याने संमती दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो एकटा शाळेत आला आणि व्हरांड्यात उभा राहिला. त्याची अडचण जमिनीची होती. जमीन मालकाची; मालक कर्जतला राहायचे. त्याचा बाप आणि बापामागे तो ती कसत आले होते, पण लिहिलेलं काही नव्हतं. कुळांसाठी नवा कायदा येणार अशी बोलवा होती, आणि कायदा यायच्या आत कुळं उठवायची घाई मालकांना झाली होती. एक हंगाम शेत नीट लागलं नाही, एवढं निमित्त पुरत होतं. त्याच्या गावात दोन घरं तशी उठली होती.

"गेलो तर लावनीला मी नसनार," तो म्हणाला. "पन त्याचं जमवलंय. सावड हाय."

सावड म्हणजे कामाच्या बदल्यात काम. आज मी तुझ्या शेतावर राबायचं, उद्या तू माझ्या. तो दोन सालं दुसऱ्यांच्या लावण्या जास्तीच्या करत होता. ती माणसं आता त्याच्या गैरहजेरीत त्याची खाचरं लावून देणार होती. जागतिक बंधुत्वावर मी दोन वर्षं व्याख्यानं देत होतो. हा त्याच दोन वर्षांत गुडघाभर चिखलात उभा राहून आपली गैरहजेरी कमावून बसला होता.

"आता राब भाजून झालाय," तो म्हणाला. "मिरगापत्तुर मला काय काम नाय. मुंबैला शिकायला जातो, मिरगाच्या आत येऊन पेरून टाकतो. रोप वर आलं का मी मोकळा. रोप हाय तर शेत हाय, मास्तर. बाकी मानसं बगतील."

"मग जा की."

"तुमी मनता म्हनून जातो," तो म्हणाला.

राब हा शब्द मी जन्मापासून ऐकत होतो. चैत्र उजाडला की कर्जतच्या चहूकडे धूर उठायचा. आई दोरीवरचे कपडे आत घ्यायची आणि म्हणायची, "राब भाजायला लागले मेले." त्यापलीकडे त्या धुराखाली काय असतं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नव्हता. आमचा संबंध भात पोत्यात आल्यानंतर सुरू व्हायचा.

तो मुंबईला गेला. परदेशी जाणाऱ्या प्रतिनिधींचं तिथे तीन आठवड्यांचं शिबिर होतं. इकडे अध्यक्षांना भिंतीवरची छायाचित्रं स्वस्थ बसू देईनात. आपला प्रतिनिधी जगापुढे उभा राहणार, तर आपण इथे काय केलं हे त्याला सांगता यायला हवं. रेल्वे बांधणं शक्य नव्हतं. ती आधीच होती. म्हणून रस्ता बांधायचं ठरलं. आणि कुठे? तर आमच्या प्रतिनिधीच्याच गावात. गावापासून मोठ्या सडकेपर्यंत पावसाळ्यात गुडघ्याएवढा चिखल व्हायचा. तो परत येईल तेव्हा रस्त्यावरून चालत घरी जाईल. ही कल्पना माझी. आजही मला ती वाईट वाटत नाही, हे सगळ्यांत वाईट.

जमीन मालकाची, तेव्हा मालकांची परवानगी हवी होती. मी आणि अध्यक्ष त्यांच्या घरी गेलो. आम्ही ज्यांच्या नाशाचे ठराव दर महिन्याला करत होतो, त्या वर्गाने आम्हाला पन्हं दिलं. अध्यक्ष म्हणाले, "पहिलं फावडं आपल्याच हस्ते पडावं." मालक म्हणाले, "तरुणांनी काहीतरी विधायक करायलाच हवं." परतताना अध्यक्ष म्हणाले की याला डावपेच म्हणतात.

वैशाखातली ती सकाळ मला स्वच्छ आठवते. मालक छत्री घेऊन घोड्यावरून आले. शाळेतली वीस-पंचवीस मुलं आम्ही बरोबर आणली होती. त्यांनी डोक्याला रुमाल बांधले होते, छायाचित्रातल्यासारखे. वाट सखल होती, भराव हवा होता. मुरूम टेकडीपाशी, म्हणजे बराच लांब. वाटेच्या अगदी कडेला, खाचरांच्या वरच्या अंगाला, एक काळा, भुसभुशीत, जळका तुकडा होता. त्यावर गवताची काडी नव्हती. मी टाच मारून पाहिली. टाच आत गेली. "ही पडीक जागा आहे," मी म्हणालो, "माती इथूनच घेऊ." इतिहासाच्या मास्तराचा शेतीतला तो पहिला निर्णय.

मालकांनी तिथेच पहिलं फावडं मारलं. फावडं मारण्यापूर्वी त्यांनी त्या जमिनीकडे क्षणभर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग मारलं. त्यांची हयात भातशेतीच्या उत्पन्नावर गेली होती. ती जागा काय आहे ते त्यांना ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. हे मी नंतर जोडलं. त्या वेळी मला एवढंच वाटलं की गृहस्थ अंगमेहनतीला बिचकतोय.

बांधावर गावातली माणसं उभी होती. कुणी बोललं नाही. त्यांत आमच्या प्रतिनिधीची आई होती, पदर दातात धरून. मला थोडी लोकशाही सुचली. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "मावशी, माती घेतो इथली. चालेल ना?"

ती मालकांच्या छत्रीकडे बघत म्हणाली, "मी कोन नाय मननारी? मालकांची जमीन, मालकांनी हात लावला. न्या."

संध्याकाळी मुंबईला पाठवायच्या अहवालात मी लिहिलं : 'ग्रामस्थ स्त्रियांनीही आपल्या जागेची माती आनंदाने दिली.'

दहा दिवस काम चाललं. मुलांनी गाणी म्हटली, हातांना फोड आले, ते एकमेकांना दाखवले. तो काळा तुकडा कमरेएवढा खोल गेला. फक्त एका कोपऱ्यात आंब्याखाली मुलांच्या शिदोऱ्या ठेवलेल्या असत, म्हणून तेवढा राहिला. रस्ता चांगला झाला, हे मात्र खरं.

मृगाच्या दोन दिवस आधी तो मुंबईहून आला. मी मुद्दाम त्याच्याबरोबर गावी गेलो. त्याचा चेहरा बघायचा होता. रस्त्यावरून चालताना तो पायाने माती दाबून बघत होता. "बरा झालाय मास्तर," तो म्हणाला, "काळी माती कुटनं आनली?" मी अभिमानाने हात केला.

तो थांबला. पिशवी खाली ठेवली. खड्ड्याच्या काठाशी गेला आणि आत उतरला. तळाला पिवळा मुरूम लागला होता. त्याने तो चिमटीत घेतला, सोडला.

मग त्याने मला सांगितलं. आरडाओरडा केला नाही. शाळेत मी मठ्ठ मुलाला समजावतो तसं सांगितलं. हिवाळ्यात झाडांचा टाहाळ तोडायचा, वाळवायचा. शेण, पालापाचोळा, गवत, वर बारीक माती, असे थर त्या तुकड्यावर रचायचे. चैत्र-वैशाखात पेटवायचे. तण मरतं, माती भाजून निघते, राख मुरते. पाऊस पडला की भाताचं बी तिथे पेरायचं. महिन्याभरात जे रोप येतं, ते उपटून सगळ्या खाचरांत लावायचं. चार महिने आई आणि तो शेण-पाला डोक्यावरून वाहत होते. तो सगळा राब आता आमच्या रस्त्यात होता, आणि तो आम्ही धुम्मसाने ठोकून घट्ट बसवला होता.

"पुन्हा भाजता येईल," मी म्हणालो.

"कशानं? टाहाळ कुटं हाय? आन् वर बगा." वर ढग होते.

घरी आई चुलीपाशी होती. तो उंबऱ्यातच म्हणाला, "आये, तू बोलली का नाय गं?"

"कुनाला बोलू?"

"या मास्तरला! हा विचारीत व्हता ना तुला?"

"मालक उभा व्हता रं. त्यानंच पयली माती काडली. मला वाटलं, जमीन गेली आपली. गेलेल्या जमिनीचा राब कुनाचा?" मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "बसा. च्या घ्या." आम्हाला तिने चहा दिला. तो न पिता उठून जाण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. पिण्याचंही नव्हतं. प्यायलो.

युरोपला जायचं त्याने त्याच दिवशी रद्द केलं. अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वैयक्तिक अडचणी चळवळीच्या आड येता कामा नयेत." मी म्हणालो, अडचण आपण खणलीय. त्यावर समिती नेमायचं ठरलं. समितीत मी होतो. बाकीचे दोघे सुट्टी संपली म्हणून पुण्याला गेले.

शिदोऱ्यांच्या कोपऱ्यात त्याने पेरलं ते एका खाचरापुरतं होतं. उरलेलं बी त्याने न भाजलेल्या जमिनीत फेकून पाहिलं, पण त्यात तण असं माजलं की रोप दिसेना. सावडीची माणसं ठरल्याप्रमाणे येऊन विचारून गेली, "कदी येऊ रं लावनीला?" त्याच्याकडे लावायला काही नव्हतं.

एकच वाट होती. लोकांच्या लावण्या उरकल्यावर थोडं रोप उरतं, ते मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. आषाढात आम्ही दोघं गावोगाव फिरलो. मी शाळेतून रजा काढली होती. डोक्यावर इरलं, पायात चिखल. कुठे एक जुडी मिळे, कुठे चार. एका गावात म्हातारा म्हणाला, "राब कुटं गेला तुजा?"

"रस्त्यात गेला."

"व्हाळाचं पानी आलंवतं काय?"

"नाय. मास्तर आलंवतं."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. मग त्याने दोन जुड्या जास्त दिल्या.

ते काही दिवस मला जरा आशा होती, हे कबूल करतो. लोक देत होते. हरेक जातीचे, हरेक वाडीचे. एकीचं एवढं रूप मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं, आणि जुडी उचलताना मी तसं त्याला बोलूनही दाखवलं.

तो म्हणाला, "मास्तर, याच्यात हळवं कोनतं, गरवं कोनतं, सांगाल?"

मला सांगता आलं नाही. हळवं भात लवकर पिकतं, गरवं उशिरा. पंधरा गावांचं रोप एकत्र झालं होतं, आणि हिरवं असताना ते सगळं सारखंच दिसत होतं. "आता काय बी लावू," तो म्हणाला. "मालकाला शेत मोकळं, काळं दिसाया नको." सावडीची माणसं आली आणि एका दिवसात सगळं लावून गेली. त्यांनी आपला शब्द पुरेपूर पाळला. त्या सबंध प्रकरणात शब्द पाळणारी तेवढीच.

मधल्या काळात देश स्वतंत्र झाला. कर्जत स्टेशनात इंजिनाला फुलांच्या माळा घातल्या. मालकांच्या घरावरचा झेंडा सगळ्यांत उंच होता, आणि झेंडावंदनाचं भाषण आमच्या अध्यक्षांनी केलं. त्याच सुमाराला संमेलनाचं वृत्त आलं. आमच्या प्रतिनिधीच्या जागी मुंबईचा एक कॉलेजातला विद्यार्थी गेला होता. त्याने तिकडे भरल्या सभेत आमच्या रस्त्याची हकीगत सांगितली, माझ्या अहवालातून. आनंदाने माती देणाऱ्या स्त्रियांच्या उल्लेखावर टाळ्या पडल्या, असं त्यात छापलं होतं. ते पत्रक मी माळ्यावर कुणाला दाखवलं नाही. दाखवायला तिथे कुणी येतही नव्हतं.

दसऱ्याच्या पुढेमागे शेत पिकायला लागलं, म्हणजे त्यातलं काही पिकायला लागलं. एकाच खाचरात एक ताट पिवळं होऊन दाणे गाळत होतं, शेजारचं फुलोऱ्यात होतं, त्याच्या पलीकडचं अजून गवतासारखं हिरवं. कापावं तर अर्धं कच्चं, ठेवावं तर अर्धं जमिनीत. माय-लेक रोज विळे घेऊन पिकलेलं ताट तेवढं हुडकून कापत होती, डोक्यातले पांढरे केस वेचावेत तसं. एक दिवस मीही गेलो. दुपारपर्यंत माझ्याकडून हिरवंच जास्त कापलं गेलं, तेव्हा मावशी म्हणाली, "तुमी बांदावर बसा, मास्तर."

मी बांधावर बसलो असतानाच मालकांचे कारभारी आले. ते आमच्या रस्त्यावरून, पायाला चिखल न लावता आले. त्यांनी खाचरांवरून नजर फिरवली.

"हे शेत म्हणायचं का रे?"

तो पिकलेलं ताट हुडकून कापत राहिला.

"बाप होता तेव्हा कसं एकसारखं उभं असायचं. तुला मुंबईचं वारं लागलं. मालक म्हणतात, याला समाजकार्य करायचं असेल तर मोकळेपणानं करू दे. पुढच्या सालापासून दुसरा बघितलाय."

मी पुढे होऊन म्हणालो की चूक आमची, मंडळाची. मी मालकांना लेखी द्यायला तयार आहे. कारभारी म्हणाले, "मास्तर, पहिलं फावडं मालकांनी मारलंय. त्यांना काय लेखी देता?"

तरी मी मालकांकडे गेलो. ते बाहेरगावी होते. पुन्हा गेलो, ते पूजेला बसले होते. तिसऱ्यांदा भेटले, आणि रस्त्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मी तेवढंच ऐकून परत आलो. घरी वडिलांना ही हकीगत सांगितली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "राब खणलात? अरे, मला विचारायचं होतंस." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आमच्या घरात ते मलाच ठाऊक नव्हतं.

कार्तिक संपता संपता तो शाळेत आला, पुन्हा त्याच व्हरांड्यात. घाटातल्या सडकेच्या कामावर मजूर घेत होते, पण मुकादम नवख्याला उभं करत नव्हता. पूर्वी काम केल्याचा कागद मागत होता.

"तुमचा मंडळाचा शिक्का हाय ना अजून? लिवून द्या."

"काय लिहू?"

"का मी रस्त्याचं काम केलंय. आमच्या गावचा."

"तू त्या वेळी मुंबईत होतास," मी म्हणालो. सवयीने म्हणालो, मास्तर होतो.

"व्हतो," तो म्हणाला. "पन माती माजीच हाय की त्याच्यात. लिवा."

मी लिहिलं. सदर इसमाने दहा दिवस भरावाचं काम मेहनतीने व स्वखुशीने केलं, असं लिहिलं. सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. त्याने कागद उभ्यानेच वाचला, सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत.

"स्वखुशीने काडा," तो म्हणाला.

मी दुसरा कागद घेतला आणि तेवढा शब्द वगळून पुन्हा लिहिला. पुढच्या आठवड्यात माय-लेक घाटात कामावर गेली.